एकाच पेगचा आग्रह करणाऱ्या भावोजींना

भावोजी,

नमस्कार लिहून पत्राला सुरुवात करायची रीत आहे. आज ती मी पाळणार नाही. हे पत्र तुम्हाला एकट्याला दिलं असतं तर तुम्ही ते खिशात घातलं असतं आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ह्यांच्या पाठीवर थाप मारून "वहिनी फारच मनाला लावून घेतात बुवा" म्हणून मोकळे झाला असता. म्हणून चार लोकांसमक्ष लिहिते आहे. नाव लिहीत नाही आणि त्याची गरजही नाही, कारण भोसरी-चिंचवडच्या प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक भावकीत तुमच्यासारखा एक असतोच. हळदीच्या रात्री गच्चीवर तोच असतो, यात्रेच्या मटणाच्या पंगतीला तोच असतो आणि मयताहून परतताना "जरा बसू या" म्हणत गाडी परमिट रूमकडे वळवणाराही तोच.

तुमच्यावरचा आरोप सोपा आहे. दारू सोडलेल्या माणसाला तुम्ही दारू पाजायला बघता. चुकून एकदा झालं असतं तर मी गप्प बसले असते. तुम्ही ते वर्षानुवर्षं करता आणि त्याला मैत्री म्हणता.

"एकाने काय होतंय, वहिनी?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. विचारलंच आहे तर ऐका. तुमच्या पोटात एक पेग गेला की दुसरा घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवू शकता. ज्याच्या शरीराला दारू लागलेली आहे, त्याचा पहिला पेग गेला की पुढचं ठरवायचा अधिकार त्याच्याकडे राहत नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ज्याला आम्ही नुसतं एए म्हणतो, तिथली सगळी शिकवण या पहिल्या पेगभोवती आहे. दहावा टाळता येत नाही, पहिला टाळता येतो. तो एकदा गेला की मध्ये किती वर्षं कोरडी गेली याला किंमत राहत नाही. पाच-पाच वर्षं न पिता काढलेली माणसं एका बिअरनंतर थोड्याच दिवसांत जुन्या मापावर परत आली, हे मी मीटिंगांमध्ये वेगवेगळ्या तोंडून ऐकलेलं आहे. मेंदूतून दारूची आठवण पुसली जात नाही. वास, ग्लासातल्या बर्फाचा आवाज, शेंगदाण्यांवर चिरलेल्या कांद्याची ती बशी, एवढ्यानेही ती जागी होते. आणि "बिअर म्हणजे काय दारू आहे का" हे तुमचं दुसरं ठरलेलं वाक्य. आहे. बाटलीवर टक्के छापलेले असतात, एकदा वाचा.

सोडणं म्हणजे काय असतं, हेही तुम्ही पाहिलेलं नाही. ज्या आठवड्यात ह्यांनी सोडली त्या आठवड्यात तुमचा एकही फोन आला नाही. दवाखान्यात पहिल्या दोन दिवसांत ह्यांचे हात असे थरथरत होते की कप मी धरायची, आणि तरी निम्मा चहा गंजीवर सांडायचा. तिसऱ्या रात्री ह्यांना भिंतीवरून मुंग्यांची रांग जाताना दिसायला लागली. चादरीचं टोक धरून ते पहाटेपर्यंत भिंत पुसत बसले होते, मला म्हणत होते, तू पाय वर घे. भिंत कोरी होती. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर असा भ्रम होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून हे घरात कोंडून, देवापुढे शपथ घालून करायचं काम नाही. डॉक्टरांनी गोळ्या मोजून दिल्या, मोजून कमी केल्या, बी-वनची इंजेक्शनं दिली, तेव्हा ते निभावलं. आणि इतकं सोसून बाहेर आलेल्या माणसाला तुम्ही गच्चीवर बोलावून विचारता, "एकाने काय होतंय?"

त्यानंतर हे मुक्तांगणला राहिले. येरवड्याचं मुक्तांगण तुम्ही बाहेरून रोज बघता, आळंदी रोडने जाता तेव्हा. ते कसं उभं राहिलं हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्ही स्वतःला सढळ हाताचे म्हणवता. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे दिले आणि डॉ. अनिता अवचटांनी 1986 साली केंद्र सुरू केलं. व्यसनात सापडलेल्या माणसासाठी खिशात हात घालायचा तर तो असा घालतात. तुमचाही हात सढळ आहे, मी नाकारत नाही. बसल्यावर बिल तुम्ही कधी दुसऱ्याला देऊ दिलं नाही. मात्र ह्यांचा पगार बंद असताना मुलीच्या क्लासच्या फीसाठी मी तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही महिनाअखेर आहे म्हणालात. त्याच शनिवारी चौघांचं बिल तुम्ही भरलंत. मला हे ह्यांनीच सांगितलं, कारण त्या चौघांत तेव्हा हेही होते.

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आलं. तेव्हापासून लोक त्यातल्या दारुड्या सुधाकरवर चिडतात आणि त्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी रडतात. तुमची ओळख झाल्यापासून मी त्या नाटकातल्या तळीरामाकडे नीट बघायला लागले. सुधाकरची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते, तो अपमानाने जळत असतो, आणि नेमक्या त्या घटकेला तळीराम त्याच्या हातात प्याला देतो. वैर म्हणून नाही. तो त्याच्या परीने समजूतच घालत असतो. तुमचाही मुहूर्त कायम तोच असतो. ह्यांचं प्रमोशन हुकलं, त्या संध्याकाळी सहाला तुमचा फोन. सासूबाई गेल्या, तर दहाव्याच्या दिवशी तुम्ही गाडी घेऊन दारात हजर, "जरा बाहेर नेतो, मोकळा होईल." मी दारातच म्हटलं होतं, त्यांना रडायचं असेल तर घरात जागा आहे.

सोडलेली माणसं पुन्हा का पितात, याचा अमेरिकेतल्या अॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने अभ्यास केला. त्याला मोठी कारणं तीन आढळली. मन खचलेलं असणं, कुणाशी तरी बिनसणं आणि सोबतच्या माणसांचा आग्रह. तुम्ही पहिल्या दोन कारणांची वेळ साधून तिसरं कारण पुरवता. ह्यांच्या समुपदेशकांनी आम्हाला घरी न्यायला एक यादी करायला सांगितली होती, कुठल्या जागा, कुठल्या वेळा, कुठली माणसं धोक्याची आहेत त्याची. ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. दुसऱ्या ओळीवर तुमचं नाव आहे. ते लिहिताना ह्यांना फार जड गेलं, हेही तुम्हाला कळायला हवं. वीस वर्षांची ओळख आहे. पहिल्या नोकरीत दोघं एकाच खोलीत राहिलेले आहात.

आता तुमच्या वास्तुशांतीच्या रात्रीचं. त्या रात्री आम्ही प्रसाद घेऊन निघत होतो. तुम्ही ह्यांना आग्रहाने गच्चीवर नेलंत. मीही मागोमाग आले. ह्यांनी आल्या आल्या कोल्ड्रिंक मागितलं. तुम्ही पाठ फिरवून ते ओतलंत आणि ग्लास हातात देताना बाकीच्यांकडे बघून डोळा मारलात. तो मी पाहिला. ह्यांनी ग्लास नाकाशी नेला, कारण सोबर माणूस दुसऱ्याने भरलेला ग्लास वास घेतल्याशिवाय तोंडाला लावत नाही, ती त्याला लागलेली सवय असते. ह्यांनी ग्लास कठड्यावर ठेवला, मला म्हणाले, चल. गच्चीवर हशा झाला. जिन्यात ह्यांचे पाय लटपटत होते. रिक्षात बसल्यावर ह्यांनी आधी आपल्या स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या आधार देणाऱ्या जुन्या सोबत्याला फोन लावला, मग माझ्याशी बोलले.

तुम्हाला अजूनही ती गंमत वाटते, कारण त्यानंतर दोनदा तुम्ही ती माझ्यासमोर सांगितलीत. तर आता ऐका. ह्यांना तेव्हा डायसल्फिरामची गोळी चालू होती. ती स्वतःच्या मर्जीने, डॉक्टरांकडून सगळं समजून घेऊन घ्यायची असते. ती शरीरात असताना दारू गेली तर दारूचं पुढचं पचन अडतं, अर्धवट राहिलेलं विष रक्तात साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जास्त गेली तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तुम्ही त्या रात्री काय ओतलंत ते तुम्हाला माहीत होतं. ते कुणाच्या पोटात जाणार होतं हे विचारायची तुम्हाला गरज वाटली नाही. "नकळत जेवणात मिसळा, दारू सोडवा" अशा पुड्या विकणारे आहेत ना, ज्यांच्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात, तेही तुमचेच भाऊबंद. माणसाला न सांगता त्याच्या पोटात काही घालायचा हक्क आपल्याला आहे, असं त्यांनाही वाटतं आणि तुम्हालाही.

तुम्हाला यातून मिळतं काय, याचा मी पुष्कळ विचार केला. पैसे जातात तुमचे, दारू जाते तुमची. मला एकच उत्तर सापडलं. न पिणारा माणूस शेजारी शांतपणे बसलेला असला की तुमचे स्वतःचे पेग तुम्हाला मोजावेसे वाटायला लागतात, आणि ते तुम्हाला सोसत नाही. तोही प्यायला लागला की हिशोब मिटतो. म्हणून तुम्ही त्याला डिवचता. "बायकोने परमिशन दिली नाही का?" असं चारचौघांत विचारता. भावोजी, बायकोच्या धाकाने दारू सुटत असती तर महाराष्ट्रात एकही दारुडा उरला नसता. बायकांनी बाटल्या लपवून पाहिल्या, मोजून पाहिल्या, मोरीत ओतून पाहिल्या, माहेरी जाऊन पाहिलं. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, गावातलं दुकान बंद पाडलं, त्या बायकांना माझा दंडवत. पण ज्याच्या हातात ग्लास आहे त्याची दारू त्यालाच सोडावी लागते. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अनॉनच्या मीटिंगमध्ये आणि मुक्तांगणच्या सहचरी गटात आम्ही बायका सगळ्यात आधी हेच शिकतो की हा आजार आमच्यामुळे झालेला नाही आणि आमच्या रागवण्याने तो जाणारही नाही. आमच्या घरी परमिशन देण्याघेण्याची पद्धतच नाही. ह्यांनी ठरवलं, आणि हे रोज सकाळी नव्याने ठरवतात, फक्त आजच्या दिवसापुरतं. तुमच्यासमोर नाही म्हणायला जेवढी छाती लागते तेवढी ग्लास उचलायला लागत नाही. तुमच्या टोळीतला खरा मर्द कोण, हे मला चांगलं ठाऊक आहे.

एक माणूस खचलेला असताना समोर कोण येतं, यावर किती अवलंबून असतं ते सांगते. 1935 सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेतल्या अॅक्रन गावी धंद्याच्या कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते. काम फिसकटलं, खिशात फारसे पैसे नव्हते, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा होता आणि बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. तिथे तुम्ही असतात तर गोष्ट तिथेच संपली असती. तो टेलिफोनकडे गेला आणि ओळख ना पाळख अशा लोकांना फोन लावत गेला, की मला दारूशी झगडणाऱ्या दुसऱ्या एखाद्या माणसाशी बोलायचं आहे. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली, जो स्वतः दारूत बुडालेला होता. दोघं तासन्‌तास बोलले. डॉक्टरने शेवटची दारू घेतली तो 10 जून 1935, आणि एए तोच आपला स्थापनेचा दिवस मानते. ना फी, ना फॉर्म. सोडायची इच्छा एवढीच अट. दुसऱ्याला आधार देताना आपलीही सुटलेली राहते, हे त्या दोघांना तिथे कळलं.

ते आमच्या घरात कसं दिसतं, तेही ऐका. एका रात्री दीड वाजता ह्यांचा फोन वाजला. मीटिंगला नवीनच यायला लागलेला मुलगा होता, आमच्या मुलीपेक्षा थोडा मोठा. म्हणाला, "काका, क्वार्टर समोर ठेवलीय, अजून उघडली नाही." ह्यांनी त्याला भाषण दिलं नाही. जेवलास का, एवढं विचारलं. जेवला नव्हता. ह्यांनी स्वेटर घातला, मी डब्यात दोन पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, हे गाडी काढून गेले. तल्लफ येते ती काही मिनिटं टिकते आणि ओसरते, तेवढी मिनिटं माणसाजवळ माणूस हवा, आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा यातलं काय चढलंय ते आधी बघायचं, असं मीटिंगमध्ये शिकवतात. हे त्याच्या खोलीत जमिनीवर बसले. त्याने पोळी खाल्ली. वडिलांशी काय झालं ते सांगितलं. बाटली मधेच तशीच होती. ह्यांनी तिला हात लावला नाही, कारण ज्याची त्याने ओतायची असते. चारच्या सुमाराला तो मुलगाच उठला, बेसिनमध्ये ओतली, मग नळ बराच वेळ चालू ठेवला, वास जाईपर्यंत. सहाला दोघं चौकातल्या टपरीवर चहा पिऊन आले आणि हे तसेच फर्स्ट शिफ्टला गेले. त्या दिवशी कँटीनमध्ये तुम्ही विचारलंत, "काय रे, डोळे लाल? परत चालू केलीस वाटतं!"

2019 साली एम्सच्या डॉक्टरांनी देशभराचं सर्वेक्षण केंद्र सरकारला दिलं. दारूवर अवलंबून असलेल्या लोकांपैकी साधारण 38 जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो, असं त्यात आहे. माझा नवरा त्या 38 मधला तो एक आहे. त्याच्यासाठी दवाखाना झाला, पाच आठवडे मुक्तांगण झालं, दर महिन्याचा फॉलोअप झाला, मीटिंगा झाल्या. अनोळखी माणसं रात्री-अपरात्री धावून आली. एवढं सगळं करून उभा केलेला माणूस तुम्ही तीस मिलिलिटरमध्ये आडवा करायला निघाला आहात, म्हणून मला तुमचा संताप येतो.

आता यापुढचं. आषाढी अमावास्येला तुम्ही ह्यांना गटारीचे मेसेज पाठवता ते बंद करा. त्या दिवशी आमच्याकडे समया-निरांजनं घासून पाटावर मांडतात, कणकेचे दिवे होतात, ते खायला यायचं असेल तर या. तुमच्या मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण आलं आहे. पोरगी आमच्या अंगाखांद्यावर वाढली आहे, आम्ही दोघं येणार. हॉलमध्ये बसू, जेवू, आहेर करू. "वरती" जे काही असेल तिकडे ह्यांना बोलवायला माणूस पाठवू नका. सरबत ह्यांना मी आणून देईन. आणि कुणी पाहुण्याने आग्रह केला, तर "तो घेत नाही" एवढं यजमान म्हणून तुम्ही स्वतः म्हणायचं, पुढे "हल्ली" लावायचं नाही आणि हसायचंही नाही. एवढं जमलं तर वीस वर्षांच्या ओळखीचं काहीतरी उरलं आहे असं मी धरून चालेन. नाही जमलं तर यादीतलं तुमचं नाव दुसऱ्या ओळीवरून पहिल्यावर जाईल, आणि ते मी माझ्या हाताने लिहीन.

पुढच्या महिन्यात ह्यांचा सोबर वाढदिवस, म्हणजे दारू सोडल्याचा वाढदिवस आहे. ती ओपन मीटिंग असते, म्हणजे घरचे, मित्र, शेजारी, कुणीही येऊन बसू शकतं. ह्यांनी तुम्हाला बोलवायचं म्हटलं आहे. मी नको म्हणत होते, पण तो दिवस त्यांचा आहे. संध्याकाळी सातला सुरू होते, तुम्ही सहाला या. सतरंज्या घालायला आणि चहाचं आधण ठेवायला दरवेळी माणसं कमी पडतात. मीटिंगमध्ये तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. मागच्या रांगेत बसा आणि तिथे जे ऐकाल ते बाहेर कुणाला सांगू नका, कँटीनमध्ये तर मुळीच नाही.

तुमची वहिनी